अंगणातली शेगडी

२९ डिसेंबर २०१८. नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अम्मी गेल्यापासून अब्बा खोलीतच बसून असत. त्यांनी निखारे आत आणायला सांगितले. मी नाही म्हटलं. बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वासही न येता जीव घेतो.

अम्मीच्या बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम भंगारात द्यायचा राहिला होता. त्याचं प्लास्टिक काढलं, खाली कूलरचा जुना लोखंडी स्टँड लावला. भोकांतून हवा खेळली, लाकडं धडधडून पेटली.

इशानंतर अब्बा शाल पांघरून अंगणात आले. ड्रमकडे बघत म्हणाले, "हप्त्यांनी घेतलं होतं तिनं. शेवटचा हप्ता फेडला तेव्हा शिरखुर्मा केला होता."

कित्येक महिन्यांनी त्यांनी अम्मीचा विषय काढला होता. मी आणखी एक लाकूड सरकवलं.