कर्जमाफीचे ते दिवस

नव्वदच्या दशकात झांबियात, लुसाकात राहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला नोटांची बंडलं आठवतील. मक्याच्या पिठाची पिशवी घ्यायची तर क्वाचाची पुडकी मोजत बसायचं. सोवेटो मार्केटात ‘सालाउला’चे, म्हणजे पाश्चात्त्य देशांतून गासड्या भरभरून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. त्यातून धड शर्ट हुडकणं ही कलाच होती. पुढे २०१३ मध्ये क्वाचावरची तीन शून्यं गेली, पाकिटं हलकी झाली. ढीग मात्र अजून आहेत.

तेव्हा तांब्याचे भाव पडलेले, देणं डोईजड. पण धनको ओळखीचे होते. नाणेनिधी, जागतिक बँक आणि पॅरिस क्लबातली श्रीमंत सरकारं. अटी कडक : अनुदानं बंद करा, खाणी विका, दवाखान्यात फी घ्या. लोक शिव्या घालत. कुणाला घालायच्या, हे तरी ठाऊक असे.

या लोकांच्या बाजूनं भांडणारेही होते. १६ मे १९९८ ला, जी-८ परिषदेच्या वेळी, बर्मिंगहॅममध्ये सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. मागणी एकच : गरीब देशांचं कर्ज माफ करा. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना आंदोलकांची भेट घ्यावी लागली. तरी माफी पदरात पडायला सात वर्षं गेली. त्यातून वाचलेल्या पैशांवर मात्र एप्रिल २००६ पासून झांबियाच्या ग्रामीण दवाखान्यांतली फी बंद झाली. तापानं फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या बाईला आधी पैसे दाखवावे लागेनात. परदेशात झालेला निर्णय इतका थेट खेड्यापर्यंत क्वचितच पोचतो.

आता? २०१२ पासून झांबियानं डॉलरचे रोखे विकले, चिनी बँकांकडून रस्त्यांसाठी, विमानतळांसाठी कर्ज काढलं. नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता थकला. सरकारी धनकोंशी तडजोड व्हायला २०२३ उजाडलं, रोखेधारकांशी २०२४. त्याच वर्षी दुष्काळानं मका करपला, करिबा धरण आटलं, लुसाका अंधारात गेलं. साखळ्या कुणी केल्या नाहीत. करणार तरी कुणाच्या दाराशी? रोखे परदेशी फंडांकडे, आणि त्या फंडांत कुणाकुणाची पेन्शन.

जुने दिवस सोन्याचे नव्हते. त्या अटींनी माणसं भरडलीच. पण तेव्हा शब्द ‘माफी’ होता. आता सरकारी कर्जाची फेड २०४३ पर्यंत लांबवून दिली आहे. दवाखाना मोफत झाला त्या वर्षी जन्मलेलं मूल तेव्हा सदतिशीत असेल.