संपाआधी, संपानंतर

काळाचौकीच्या चाळीतल्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी एक कालनिर्णय टांगलेलं असतंच. जयंत साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं आणि भटजींच्या पिशवीतलं पंचांग घरातल्या बाईच्या हाताशी आलं. त्याचं जानेवारी २०२६चं पान घ्या. त्या महिन्यात शके १९४७ चालू होतं, विक्रम संवत २०८२, हिजरी १४४७ आणि पारशांचं शहेनशाही सन १३९५. एकाच शहरातली माणसं एकाच सकाळी इतक्या निरनिराळ्या वर्षांत जागी होतात, याचं मला अजून नवल वाटतं.

इथून जवळच कॉटन ग्रीनचा कापूस बाजार. तिथल्या गुजराती व्यापाऱ्यांचं संवत दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदले, कामगारांचं शक चैत्रातल्या पाडव्याला. कापसाचा हंगाम मोजायचा तो ऑक्टोबरपासून. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान साधारण तेहतीस वर्षांत उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं फिरून येतो. आपल्याला चंद्रही हवा आणि ऋतूही; मग दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालावा लागतो. तो कुठे घालायचा यावरही मतभेद आहेत. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधीच येऊन जातात. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ला सुरू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सरकारी कागदावरच राहिली.

हिजरी सन पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले तेव्हापासून मोजतात, पारशी सन यज्दगर्द राजा गादीवर बसला तेव्हापासून. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला. ज्या घटनेनं आयुष्याची घडीच बदलली, तिच्यापासून माणसं पुन्हा पहिलं वर्ष धरतात.

मुंबईच्या या गिरणगावानंही तेच केलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तेव्हापासून इथे ‘थोरली संपाआधीची’, ‘धाकटा संपानंतरचा’, ‘संपात गावाला गेलो ते पोरांच्या शाळेसाठी परत आलो’ असं बोलतात. हे सन कुठल्याही पंचांगात छापलेलं नाही. पण लालबाग-परळच्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्याशिवाय स्वतःचं आयुष्य सांगताच येत नाही, आणि माझ्या लेखी ते शक-संवताइतकंच खरं आहे.

ते मोजणारी पिढी आता थकली आहे. डिसेंबरात जुनं कालनिर्णय रद्दीत टाकण्याआधी त्याच्या चौकटी वाचा. दुधाचा खाडा, भिशीचा हप्ता, गावच्या गाडीची तारीख, कुणाचं तेरावं, सगळं तिथे पेनानं लिहिलेलं असतं. ते उतरवून घ्या. आणि घरात कुणी ‘संपाआधी’ म्हणालं, तर नेमकं कोणतं साल, कोणती गिरणी, कोणतं खातं, हे आजच विचारून ठेवा.