पाहुण्यांची माया

मिशन दौऱ्यावर पहिल्यांदाच निघालेल्या माणसाच्या बॅगेत सामानापेक्षा खात्री जास्त असते. आमच्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर मी काठमांडूच्या एका बालगृहात सेवेला गेले, तेव्हा क्रेयॉन, फुगे, साबणाच्या वड्या आणि नाताळच्या नाटकातले उरलेले पोशाख असा सगळा सरंजाम होता. निघताना पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्रातला अनाथ-विधवांचा उतारा वाचला. पुण्याहून गोरखपूर, सुनौलीची सीमा, पुढे रात्रभर बस. परदेश खरा, पण भारतीयाला पासपोर्ट लागत नाही आणि दुकानांच्या पाट्याही वाचता येतात.

नेपाळात ख्रिस्ती सेवेला कायद्याचं कुंपण आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या युनायटेड मिशन टू नेपाल या संस्थेला दवाखाने-शाळा चालवायची मुभा मिळाली, धर्मप्रसाराची नाही. २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तरी तिथली मंडळी वाढली, ती नेपाळी विश्वासणाऱ्यांच्या बळावर. सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला दाराबाहेर, बसायला सतरंज्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून ‘जयमसीह’. उपदेश करायचा नाही, अशी आम्हाला ताकीदच होती. राहिली माया. तिला कोण अडवणार?

फाटक उघडताच मुलं आमच्याकडे धावत आली. एक सहा-सात वर्षांचा मुलगा माझ्या कडेवरच चढला, गळ्यात हात टाकले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘कहिले जाने?’ कधी जाणार? आमच्यातल्या काहीजणींचे डोळे भरून आले; आपण आल्याआल्या केवढा लळा लागला! मला मात्र त्याचा सूर खटकला. पाव कितीला, असं विचारावं तसं तो विचारत होता. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात, हक्काचं एक कायमचं माणूस न मिळालेल्या लेकरांचं काय होतं, ते मांडलंय. भेटेल त्या अनोळखी माणसाला बिलगणं हे पुढच्या अभ्यासकांनी दुखण्याचं लक्षण म्हणून नोंदलं. आम्ही तेच लक्षण आशीर्वाद समजून फोटोत साठवत होतो.

तिथे एक दिदी होत्या. मुलींना ओळीने बसवून फणीने उवा काढायच्या, सकाळी दहाच्या आत सगळ्यांना डाळभात वाढून शाळेला पिटाळायच्या. कोणाला रात्री भिंतीकडेच झोपायचं असतं, कोण मुळा पानाखाली लपवतो, हे त्यांना तोंडपाठ. आम्ही कृतिगीतं घ्यायला लागलो की त्या निमूट भांडी घासायला जात. आमच्या प्रवासखर्चात त्यांच्यासारख्या आणखी एका बाईचा बरेच महिने पगार निघाला असता. हा हिशेब तिथे उघड कोणी मांडला नाही. मिशन दौऱ्यात हिशेब काढणं म्हणजे विश्वास कमी असल्यासारखं वाटतं.

दिदींनीच एकदा मुलांचं रजिस्टर दाखवलं. नाव, अंदाजे वय, जिल्हा: हुम्ला, डोल्पा, जुम्ला. गावाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. ‘यांच्यापैकी कितीतरी जणांना आई आहे,’ त्या हिंदीत म्हणाल्या, ‘कागदावर नाही एवढंच.’ १९९६ ते २००६च्या यादवीत कर्णालीच्या डोंगराळ भागातल्या आईबापांनी लेकरं दलालांच्या हवाली केली, शाळा मिळेल, जीव वाचेल म्हणून. दलालांनी पैसे घेतले आणि मुलांना कागदोपत्री पोरकं केलं. पुढे परदेशी पाहुणे आणि देणग्या येऊ लागल्यावर अशा मुलांना मागणीच तयार झाली. २०१५च्या भूकंपानंतर मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले.

त्या कोऱ्या रकान्याशी मी बराच वेळ अडखळले, कारण आमची वंशावळही अशाच एका रकान्याशी थांबते. १९००च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून केडगावला आणलेल्या मुलींमध्ये माझी पणजी होती. रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती सदनाने तिला अन्न, अक्षर आणि विश्वास दिला. गाव मात्र तिला कधी सांगता आलं नाही. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले. भुकेल्या लेकरांकडे त्या पाहुणी म्हणून बघूच शकत नव्हत्या. शेत, विहिरी, छापखाना उभा करून त्या १९२२ साली शेवटचा श्वास घेईपर्यंत केडगावलाच राहिल्या. पणजीचं तिथे निभावलं, ते या राहण्यामुळे.

म्हणजे जाऊच नये का? नेपाळी भावंडांबरोबर सतरंजीवर बसून प्रार्थना करणं, दिदींच्या हाताखाली भांडी घासणं, शिकणं यासाठी जरूर जावं. मुलांवर चार दिवसांची माया उधळायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९च्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी पर्यटनाचे धोके दाखवून देशांना उपाय योजायला सांगितलं आहे.

तुमच्या मंडळीत असा दौरा ठरत असेल, तर तिकिटं काढण्याआधी त्या बालगृहाला पत्र लिहा. मुलांचे आईवडील शोधता का, मुलं घरी परत पाठवता का, सांभाळणाऱ्या बायकांना पगार वेळेवर देता का, एवढं विचारा. सरळ उत्तर आलं तर दौऱ्यासाठी जमवलेले पैसे त्याच कामाला पाठवा. उत्तर आलंच नाही, तर फुगेसुद्धा पाठवू नका.