कमरेच्या पट्ट्याएवढी शेवई

मुलांनो, 'चायनीज' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मला माहीत आहे! लाल रंगाची गाडी, तिच्यावर भडकलेली शेगडी, कढईतून हवेत उडणाऱ्या नूडल्स आणि तो लालभडक मंचुरियन. पण एक गंमत सांगू? हा मंचुरियन तुम्ही चीनमध्ये जाऊन मागितलात, तर तिथला माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मंचुरियन जन्मला आपल्या मुंबईत! कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग नावाचे चिनी वंशाचे स्वयंपाकी होते. त्यांनी १९७५ साली आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्याच पद्धतीनं परतून त्यात सोया सॉस घातला आणि हा पदार्थ केला, असं मानतात. म्हणजे गाडीवरचं चायनीज हे खरं तर आपलंच पोर, फक्त नाव परक्याचं.

मग चिनी माणूस खातो तरी काय? याचं एकच उत्तर नाही. 'भारतीय माणूस काय खातो?' असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? कोकणात भात, सोलापुरात ज्वारीची भाकरी, पंजाबात गव्हाची रोटी. तिथंही तस्संच. चीनच्या मधोमध छिनलिंग नावाची डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्या दक्षिणेला पाऊस भरपूर, म्हणून भात. उत्तरेला हवा कोरडी, म्हणून गहू. त्या रांगेच्या अगदी पायथ्याशी, उत्तरेच्या बाजूला, शिआन नावाचं शहर आहे. मी तुम्हाला घेऊन जाणार आहे ते तिथल्या एका छोट्याशा खाणावळीत.

शिआन म्हणजे पूर्वीचं चांगआन. कितीतरी राजघराण्यांची ही राजधानी. शहराभोवती अजून दगडविटांचा तट उभा आहे. तो जवळजवळ १४ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्यावर चक्क सायकली चालवतात! १९७४ साली जवळच्या शेतकऱ्यांना विहीर खणताना मातीचे सैनिक सापडले, तेही याच भागात. त्यांच्याबद्दल तुम्ही वाचलं असेलच, म्हणून मी ते सांगत बसत नाही. मला त्याहून जवळचा वाटला तो एक माणूस. इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला युआन श्वांग भेटतो ना? चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात, इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला भिक्षू? तो निघाला होता या चांगआनहून आणि ६४५ साली परतला तोही इथंच. त्यानं घोड्यांवर लादून आणलेल्या पोथ्या जपण्यासाठी बांधलेला मनोरा आजही शिआनमध्ये उभा आहे. ६५२ सालचा! त्याच्या पायथ्याशी उभी राहून मी मनात म्हटलं, 'बाबा, तू पायी आलास आमच्याकडे. मी आपली विमानानं आले.'

मी तिकडे कशी पोचले? माझी भाची शिआनला डॉक्टरकी शिकत होती. आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतात. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर ताईनं मला सांगितलं, "तू जाऊन बघून ये. पोरगी नेमकं काय खाते, ते मला खरं कळू दे." कारण आमच्या घरी मांसमच्छी चालत नाही आणि भाची फोनवर रोज एकच सांगायची, "आई, मी छान जेवते." आता 'छान जेवते' म्हणणाऱ्या मुलांवर आया कधी विश्वास ठेवतात का?

तर दुसऱ्याच दिवशी दुपारी भाची मला विद्यापीठामागच्या गल्लीत घेऊन गेली. सहा टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, दारात वाफाळणारं भलंमोठं पातेलं. भिंतीवर मोठा फलक आणि फलकावर नुसती चिनी अक्षरं. एकही ओळखीचं नाही! मुलांनो, मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. जून महिन्यात मुलं फळ्याकडे टकामका बघतात, तेव्हा त्यांना आत काय होत असेल याचा मी इतकी वर्षं नुसता अंदाज करत होते. त्या दुकानात मला ते कळलं. सगळ्यांना वाचता येतं, मला एकटीलाच येत नाही. पोटात गोळाच येतो हो!

इतक्यात भाचीनं आत बघून जोरात हाक मारली, "आयी!"

मी दचकले. म्हटलं, ही आईला कुठं हाक मारते इथं? तर आतून पिठाचे हात फडक्याला पुसत एक जाडजूड, हसऱ्या बाई आल्या. भाची म्हणाली, "मावशी, चिनी भाषेत 'आयी' म्हणजे आई नाही गं. आयी म्हणजे मावशी!" घ्या! म्हणजे तिथं आता दोन मावश्या झाल्या.

भिंतीवरच्या फलकावर एक अक्षर इतरांपेक्षा तिप्पट मोठं होतं. मी त्याला आधी नक्षीच समजत होते. ते अक्षर म्हणजे 'बियांग'. त्यात रेघा किती असतील? सुमारे ५८! मोजण्याच्या पद्धतीप्रमाणं एखाद-दुसरी कमी-जास्त. मधे 'बोलणं', खाली 'हृदय', बाजूला 'चंद्र' आणि 'सुरी', मधेच एक 'घोडा', वर छप्पर आणि या सगळ्यांना पोटाशी घेऊन चालणारं 'चालणं'. 'क्ष' आणि 'ज्ञ' अवघड म्हणून कुरकुरणाऱ्यांनो, ऐकताय ना? हे अक्षर जुन्या नामांकित शब्दकोशांत नाही. ते दुकानांच्या पाट्यांवरच वाढलं. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, त्याला जागा मिळाली ती थेट २०२० साली. आणि २०१३ साली चीनमधल्या एका प्राध्यापकांनी उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे अक्षर हजार वेळा लिहिण्याची शिक्षा दिल्याची बातमी आली होती. (माझ्या वर्गात उशिरा येणाऱ्यांनी काळजी करू नये. मला स्वतःला ते एकदाही लिहिता येत नाही.)

हे अक्षर आलं कुठून? लोक एक गोष्ट सांगतात. एक गरीब विद्वान होता. खिशात दमडी नाही, पोटात कावळे. तो एका शेवयांच्या दुकानात शिरला, वाडगाभर खाल्लं आणि मग पैसे द्यायची वेळ आली. दुकानदार हटून बसला. विद्वानानं विचारलं, "तुमच्या पदार्थाचं नाव काय?" दुकानदार म्हणाला, "बियांग बियांग. पण ते लिहायचं कसं, कुणालाच ठाऊक नाही." मग त्यानं शाई मागवली आणि तिथल्या तिथे हे अवाढव्य अक्षर रचून दिलं. पैसे फिटले! गोष्ट खरी की खोटी, देव जाणे.

पण 'बियांग' हा आवाज मात्र खराच. तो मी माझ्या कानांनी ऐकला.

मैदा, पाणी आणि मीठ एवढंच साहित्य. कणीक घट्ट मळून, तिचे तेलाचा हात लावलेले लांबट गोळे करून झाकून ठेवलेले असतात. मागणी आली की आयी एक गोळा उचलतात, लाटण्यानं जराशी लांबट पोळी लाटतात आणि मधोमध बारीक काठीनं एक खाच दाबतात. मग दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरून ओढायचं आणि ओढता ओढता पोटाचा भाग ओट्यावर आपटायचा. बियांग! हात आणखी लांब. बियांग! आता ती पट्टी आयींच्या दोन्ही पसरलेल्या हातांएवढी झालेली. मधल्या खाचेत बोट घालून ती उभी फाडली की एक मोठ्ठं कडं तयार. ते उकळत्या पाण्यात टाकायचं. हे सगळं अर्ध्या मिनिटात! एकेक शेवई दोन-तीन बोटं रुंद. त्या शान्शी प्रांतात अजब गोष्टींची एक यादीच लोक गमतीनं म्हणून दाखवतात. त्यात 'आमच्या शेवया कमरेच्या पट्ट्याएवढ्या' हे आहेच, शिवाय 'आमचे वाडगे घमेल्याएवढे' आणि 'आम्ही स्टूल असताना उकिडवे बसून जेवतो' हेही आहे!

आता विचार करा, ही कणीक तुटत का नाही? गव्हात दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी लागून मळलं गेलं की ती एकमेकांना धरतात आणि रबरासारखं जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. झाकून ठेवलं की ते जाळं सैलावतं आणि ओढू तितकं लांबतं. ज्वारी-बाजरीत हे जाळंच नाही. म्हणून तर आई भाकरी थापते, ओढत नाही. घरी करून बघा. मैद्याचा छोटा गोळा वाटीभर पाण्यात कुस्करत धुवा. पाणी दुधासारखं होईल आणि हातात उरेल एक चिवट, ताणणारा गोळा. ज्वारीच्या पिठाचं तसं केलंत तर हातात काहीसुद्धा राहणार नाही. गंमत म्हणजे शिआनमध्ये ते दूधपाणीही फुकट घालवत नाहीत. त्याचा खाली बसलेला चीक पातळ वाफवून त्याच्या पट्ट्या कापतात आणि थंडच, तिखट-आंबट करून खातात. चीक म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं? कुरडया! मलाही.

आमचा वाडगा आला तेव्हा त्यात वाफाळत्या शेवया, हिरवी पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं. वर लाल तिखटाची ढेरी, चिरलेली कांद्याची पात आणि ठेचलेला लसूण. आयींनी कडकडीत तापलेल्या तेलाची पळी आणली आणि थेट त्या तिखटावर ओतली. चर्रर्र! सगळ्या दुकानात खमंग वास. अहो, ही तर आपली वरून घातलेली फोडणी! मग थोडा काळा व्हिनेगर, थोडा सोया सॉस, आणि तळापासून सगळं कालवायचं. तिथली मिरची दिसायला लालभडक, पण तिखटापेक्षा वासाला जास्त. टेबलावर न सोललेल्या लसणाच्या कुड्या ठेवलेल्या असतात. लोक एक घास शेवईचा, एक चावा कच्च्या लसणाचा, असं खातात. आपण भाकरीबरोबर कांदा फोडतो, तसं. आणि भुरके मारताना कुणी कुणाला हटकत नाही, उलट न भुरकता ती पट्टी तोंडात जातच नाही. आणखी एक सांगू? आपल्या युआन श्वांगानं ही चव कधीच चाखली नसणार. मिरची मूळची अमेरिका खंडातली. त्याच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी ती आपल्याकडेही पोचली आणि चीनमध्येही.

एका वाडग्याचे १५ युआन झाले, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये. दोघींना मिळून एक पुरला असता. भाचीनं मात्र एकटीनं संपवला.

खाता खाताच तिनं मला जे सांगितलं, ते ताईला तिनं कधी सांगितलं नव्हतं. ती २०१९ साली इथं आली, तेव्हा पहिले काही दिवस बिस्किटांवर काढले होते. कशात काय घातलंय, कळेना. मग चार शब्द पाठ करून ती या दुकानात शिरली आणि म्हणाली, "मी मांस खात नाही." आयींनी काही न विचारता भाजीची जुडी उचलून दाखवली, तिनं मान हलवली, आणि तेव्हापासून हेच तिचं स्वयंपाकघर झालं. जानेवारी २०२० मध्ये ती सुट्टीला घरी आली आणि करोनामुळे घरीच अडकली. जवळजवळ तीन वर्षं! शरीरशास्त्र शिकायचं, तेही मोबाइलच्या पडद्यावर. २०२१ च्या डिसेंबरात शिआनची सव्वा कोटी माणसं महिनाभर घरांत कोंडली गेल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही सगळे तिच्या शिक्षणाचं काय होणार म्हणत होतो. ती मात्र म्हणे मनात दुसरंच म्हणत होती. ते सहा टेबलांचं दुकान आता कसलं टिकतंय!

२०२२ साल संपत आलं तेव्हा ती परतली. गल्लीतली कितीतरी दुकानं बंद होती. हे उघडं होतं. ती दारात उभी राहिली, तोंडावर मास्क. आयींनी एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि भाजीची जुडी उचलून दाखवली.

हे सांगताना तिनं मान खाली घातली आणि जोरात भुरका मारला. तिखट फार होतं, असं ती म्हणाली.

शेवटी आयींनी दोन वाडग्यांत शेवया उकडलेलं गरम पाणी आणून दिलं. तिथं जेवणावर तेच पितात, त्याचे पैसे नाहीत. मी त्यांच्या हातांकडे सारखी बघत होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी खानदेशातली. आमच्याकडे पुरणाचे मांडे करतात ते लाटत नाहीत, हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवतात आणि उपड्या खापरावर भाजतात. मी हवेतच तसे हात फिरवून दाखवले. आयी खो खो हसल्या आणि त्यांनी एक गोळा माझ्या हातात ठेवला.

मांड्याची कणीक लोण्यासारखी सैल असते आणि ही चांगलीच घट्ट. फिरवत फिरवत ताटलीएवढी केली, की लगेच आक्रसून बशीएवढी! भोवती विद्यार्थी जमले, कुणी मोबाइलवर चित्रण करू लागलं. तिसऱ्या फेरीला ती बऱ्यापैकी पसरली. आयींनी ती माझ्या हातांवरून अलगद उचलली, ओट्यावर एकदा आपटली, बियांग! आणि फाडून पातेल्यात सोडली. भाचीचा वाडगा रिकामाच होता. त्यात त्यांनी ती घातली, तिखट घातलं, वरून तेल ओतलं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा भाचीच म्हणाली, "आई, आज मावशीच्या हातचे मांडे खाल्ले. लसूण घालून."