आवाजाची कोठी

आमच्या घरी लॅपटॉप आला तेव्हा आजीने त्याला हळदकुंकू लावले. लावले ते नेमके झाकणावरच्या कंपनीच्या नावावर. पुसून टाकण्याचे धैर्य मला झाले नाही, त्यामुळे तिथे पिवळा डाग अजून आहे. लॅपटॉप जुनाच होता. पुण्याला कामाला असलेल्या आतेभावाने स्वतःला नवा घेतला आणि हा मला दिला. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून ही बक्षिसी. बाबांनी एवढेच विचारले, "यानं परीक्षेचा अभ्यास होते का?" मी "हो" म्हणालो. मला त्यात गाणी भरायची आहेत, हे काही सांगितले नाही.

आमचे गाव आरमोरीकडचे, धानाचे. दिवाळी झाली की देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, नाटक कंपन्यांची धामधूम सुरू होते आणि मग गावोगावी रात्रभर नाटके चालतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा गावात आमच्याच कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. माझा एक चुलतभाऊ अशाच एका कंपनीत ऑक्टोपॅड वाजवतो. त्याच्याकडचा जुना माइक आणि तो लॅपटॉपला जोडायची छोटी पेटी मला मिळाली. 'ऑडॅसिटी' हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम तर फुकटच मिळतो. झाला माझा स्टुडिओ! धानाची पोती एका भिंतीला, आजीची खाट दुसऱ्या भिंतीला. पोती आवाज शोषून घेतात आणि खोली घुमत नाही, हा शोध मला योगायोगानेच लागला.

प्रथम वर्षाला मराठीच्या तासाला सरांनी जात्यावरच्या ओव्यांविषयी सांगितले होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी 1990 नंतरच्या वर्षांत त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या आज कुणालाही ऐकता येतात. मी त्या मोबाइलवर ऐकल्या आणि मनात म्हटले, अरे, आमच्या आजीजवळ रोवणीची गाणी आहेत, ती कुणी घेतली?

2024 च्या आषाढात एका पावसाळी दुपारी आजीला माइकपुढे बसवले. "कायले रे बाबू, माया फाटक्या आवाजाले पेटीत भरतेस?" म्हणत ती बसली, आणि मग थांबेचना. दीड तास गायली. मधे पाणी मागितले, मायला दोन शिव्या दिल्या, एका गाण्यात विसरली म्हणून स्वतःच हसली. हे सगळे भरले गेले. चार्जर लावला की कानात घूं असा आवाज येत होता, म्हणून तो काढून बॅटरीवरच काम केले. पण आणखी एक आवाज मात्र जाईना. खाली कुठेतरी बारीक घरघर, आणि मधूनच 'टक्'. मला वाटले, पोत्यात उंदीर असेल.

तो उंदीर लॅपटॉपच्या पोटात होता.

वाचकांपैकी ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. मला मात्र तो लिहिल्यावाचून राहवत नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते. माझ्या लॅपटॉपमधली मिनिटाला 5400 फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला 90. तिच्यावर एक डोके इकडून तिकडे सरकत लिहिते आणि वाचते. आवाजाचे ओझे तसे फार नसते. 24 बिट आणि सेकंदाला 48,000 नमुने असा दोन कानांचा आवाज भरला तर सेकंदाला 2,88,000 बाइट लागतात. तासाला जवळपास एक जीबी. एवढे तर म्हातारी डिस्कही सहज लिहिते. मग अडते कुठे? त्याच वेळी विंडोज आपले अपडेट उतरवत असते, व्हायरस शोधणारा प्रोग्राम घरभर झाडू मारत असतो, आणि ते बिचारे डोके प्रत्येकाच्या हाकेला ओ देत पळत असते. त्यात तबकडीचे काही भाग खराब झाले असतील तर ते एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटते. एस.एस.डी. नावाच्या नव्या डिस्कमध्ये तबकडीही नाही आणि डोकेही नाही, नुसत्या चिपा. त्यामुळे घरघर नाही आणि धावपळही नाही.

हे ज्ञान मला फार उशिरा झाले. लॅपटॉप सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागू लागली तरी मी ढकलत राहिलो. पौषात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. त्या दिवसांत लॅपटॉप कुठे पडला होता, याची कुणाला शुद्ध होती?

मे महिन्यात आम्ही सगळे तेंदूपत्ता तोडायला गेलो. पहाटे चारला निघायचे, वाघाच्या भीतीने घोळक्याने जायचे, दुपारी घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. मजुरी हाती आल्यावर मी बाबांना प्रथमच खरे सांगितले: पाचशे जीबीची नवी डिस्क पाहिजे, आणि ती अभ्यासासाठी नाही. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. खताचे पैसे त्याच मजुरीतून द्यायचे होते. मग म्हणाले, "बुढीचं गानं त्यातच हाये न?" आणि पैसे मोजून दिले.

चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या एका गल्लीतून एस.एस.डी. घेतली. माझी योजना मोठी होती: डिस्कच्या जागी नवी बसवायची, आणि सी.डी.चा खण काढून तिथे चौकटीत घालून जुनी ठेवायची, म्हणजे दोन्ही वापरता येतील. घरी येऊन उघडले तर चौकट आत जाईना. माझा खण साडेनऊ मिलिमीटरचा आणि चौकट पावणेतेराची! सव्वातीन मिलिमीटरसाठी मूल-सावली करत पुन्हा चंद्रपूर. एस.टी.त बसून मी स्वतःलाच जे काही म्हणालो ते या अंकात छापता येणार नाही.

पण ती खेप वाया गेली नाही. दुकानातल्या दादाने सहज म्हणून जुनी डिस्क तपासली आणि त्याचा चेहराच बदलला. "चौकट-बिकट सोड. ही मरायला टेकली आहे. हिच्यात काय आहे ते आधी काढ, आणि तोवर चालू करू नको." मी काय आहे ते सांगितले. त्याने चौकटीचे पैसे परत दिले आणि डिस्क ठेवून घेतली. 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक प्रोग्राम आहे. तो जे धड आहे ते आधी भराभर काढून घेतो आणि खराब जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. दोन रात्री तो चालला. तिसऱ्या दिवशी फोन आला: सगळे आले, एका फाइलमध्ये थोडी जागा रिकामी आहे.

निघताना दादा म्हणाला, "नवी डिस्क मरताना आवाज करत नाही, एवढे लक्षात ठेव. दोन नकला ठेव." आता एक नक्कल घरी आहे आणि दुसरी कॉलेजच्या एका मित्राच्या कपाटात.

नवी डिस्क बसवल्यावर लॅपटॉप पंधरा-वीस सेकंदांत सुरू झाला. मी आजीच्या कानाला हेडफोन लावला. ती स्वतःचा आवाज ऐकत होती आणि डावा हात खाटेच्या पाटीवर ठेका धरत होता. मग ती रिकामी जागा आली. अकरा सेकंद काहीच नाही. बहिणीला वाटले बंद पडले, तिने हात पुढे केला, मी थांबवले. आजीचा हात चालूच होता. गाणे परत आले तेव्हा तो ठेक्यातच होता.

त्या अकरा सेकंदांत काय होते, ते मला आठवत नाही. मायला त्या गाण्याची एक ओळ येते. तिने ती आजीपुढे म्हणून पाहिली. आजीने मान हलवली: ती नाही. मायने दुसरी म्हटली. पुन्हा तेच. बहीण म्हणते, मायच्याच आवाजात भरून टाक, कोणाला कळते? मी मायचे वेगळे ध्वनिमुद्रण केले आहे, पण जोडलेले नाही.

जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून आजीच्या पेटीत ठेवली आहे. मोठ्या शहरात तबकडी उघडून वाचणाऱ्या प्रयोगशाळा असतात, असे दादा म्हणाला होता. त्यांचा खर्च विचारून ठेवला आहे. तेंदूच्या एका हंगामात तो निघणार नाही. बाबांना अजून सांगितलेले नाही.