दोनदा

निबंधाला साडेसहाशे शब्दांची मर्यादा होती. माझ्या बहिणीचा सातशे चाळीसवर गेला होता. ती मुकुंदवाडीत घरी आणि मी पुण्यात रूमवर, दोघं एकच गूगल डॉक उघडून बसलो होतो. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचतो आणि त्यातलं नको ते उडवतो. मला वाटलं, हेही तसंच काम.

तिला अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकायचं होतं. पप्पा चिकलठाणा एमआयडीसीत मशीनवर आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आर्ट्सला अमेरिकेत? आर्ट्स तर इथं कुणालाबी मिळतंय की." त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे आर्ट्स म्हणजे सायन्सला नंबर न लागलेल्यांची जागा. दहावीला नव्वद टक्के पडूनही तिनं आर्ट्स घेतलं, तेव्हा नातेवाईक घरी चौकशीला आले होते, कुणी आजारी असल्यासारखे.

तिकडे उलटं आहे. विल्यम्स १७९३ सालचं, ॲम्हर्स्ट १८२१चं, स्वार्थमोर १८६४चं. (नावात स्वार्थ आहे म्हणून आम्ही खूप हसलो होतो.) अख्ख्या कॉलेजात दोन हजारांच्या आसपास मुलं, साधारण सात-आठ मुलांमागं एक प्राध्यापक. पीएचडी करणाऱ्यांची गर्दी नाही, त्यामुळं मोठा प्राध्यापकही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो, त्यांचे निबंध स्वतः वाचतो. मुख्य विषय कोणता, हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवलं तरी चालतं. तोवर भौतिकशास्त्राशेजारी तत्त्वज्ञान घ्या, कुणी हसत नाही. हे वाचताना मला माझं इंजिनीअरिंग आठवलं. एका वर्गात सत्तर जण. चार वर्षं सरांना माझा रोल नंबर पाठ होता, नाव नाही. तिला नक्की काय हवंय, ते मला तेव्हा कळलं आणि थोडा हेवाही वाटला.

पण अर्ज करणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना ही नावाजलेली कॉलेजं नकार देतात. परदेशी मुलांसाठी आणखी एक चाळणी असते. बहुतेक ठिकाणी निवड करताना घरच्यांना किती पैसे भरता येतील, हेही बघतात. ॲम्हर्स्टसारखी मोजकी कॉलेजं ते बघत नाहीत आणि निवड झाल्यावर लागेल तेवढी मदत देतात. आपल्याकडे लवळ्याला फ्लेम आहे, सोनिपतला २०१४पासून अशोका आहे. तिनं तीही बघितली. पण वर्षाचा आकडा लाखांत, आणि तिला सगळा खर्च उचलू असं लेखी सांगणारं कुणीतरी हवं होतं. तर बारीक जाळीच्या चाळणीतून पडायचं असेल तर निबंध दमदार पाहिजे, असा माझा हिशेब.

तिचा निबंध पाट्यांवर होता. २०२३ साली शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. त्यानंतर तिनं जालना रोडवर मुकुंदवाडीपासून क्रांती चौकापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या वहीत उतरवायला सुरुवात केली. कुठं औरंगाबाद, कुठं संभाजीनगर, कुठं छत्रपतीसह, कुठं नुसतं 'छ.', कुठं दोन्ही. मग दुकानात शिरून विचारायची, बदललं का, किंवा का नाही बदललं. तिला वाटलं होतं सगळे राजकारणावर बोलतील. काही बोललेही. पण बऱ्याच जणांनी पेंटरचा आणि फ्लेक्सचा खर्च सांगितला. एकानं सांगितलं, बिलबुकं छापून पडलीत, ती संपू द्या आधी.

मी तो वाचला आणि लिहिलं, "भारी आहे. पण त्यांना कळणार नाही. पाण्यावर लिही."

२०१९च्या दुष्काळात मुकुंदवाडीतली लहान मुलं रिकामे हंडे-कॅन घेऊन रेल्वेनं औरंगाबाद स्टेशनला जायची आणि पाणी भरून परत यायची. त्या बातम्या परदेशातही छापून आल्या होत्या. मला ते सोनं वाटलं. ज्या गावाचं नाव एरवी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणी घेत नाही, ते गूगलवर सापडतं आणि सापडतं ते याच गोष्टीसाठी.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. शेजारच्या मुलींबरोबर गेली होती, दोनदा. आमच्याकडे नळ आठवड्यानं यायचा, पण टाकी होती, टँकरचे पैसे कसेबसे निघायचे. ज्यांना रोज जावं लागायचं ती घरं आमच्या मागच्या वस्तीत होती. तिनं मसुद्यात प्रामाणिकपणे 'दोनदा' लिहिलं. मी शब्द कापत कापत तिथं पोचलो आणि 'दोनदा'चं 'रोज' केलं. एका शब्दाच्या जागी एकच शब्द, मर्यादेला धक्का नाही.

तिनं कमेंट टाकली, "दादा, हे माझं नाहीये."

मी उत्तर दिलं, "सगळे असंच करतात." खरंच करतात का, मला काय माहीत.

तिनं ती कमेंट मिटवली.

निकाल मार्चअखेरीस आले, तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, साडेचार. चार ठिकाणी नकार, एका ठिकाणी वेटलिस्ट, तीही पुढं सरकली नाही. 'रोज' लिहिल्यामुळं नकार आला असं मी म्हणत नाही. कुणी कळवत नाही. कदाचित असे पाण्याचे निबंध त्यांच्याकडे ढिगानं येत असतील. कदाचित पाट्यांचा निबंधही गेला नसता. पण मग निदान तिचा निबंध नाकारला गेला असता.

जूनमध्ये तिनं शहरातच बीएला प्रवेश घेतला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा म्हणाली, "नागसेनवनात सोड ना मला, तिकडच्या पाट्या राहिल्यात." गाडीवर मागं बसून ती मिलिंद महाविद्यालयाबद्दल सांगत होती. मी या शहरात वाढलो आणि मला त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. निजामाची राजवट जाऊन दोनच वर्षं झाली होती, मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला आणखी आठ वर्षं होती, तेव्हा, १९५० साली, बाबासाहेबांनी हे कॉलेज काढलं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी खेड्यापाड्यातली मुलं इथं आली, वसतिगृहात राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, ते मुलांनी केलं. गंगाधर पानतावणे इथंच शिकवायला लागले, पुढं त्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. दलित साहित्याची एक मोठी वाट या आवारातून निघाली.

"आणि नाव बघ," ती म्हणाली. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, नागसेन भिक्खूला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. नागसेन त्याला उलट विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे नक्की काय? चाक? आस? जू? विल्यम्सला मृत्युपत्रात पैसे ठेवून गेलेल्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव आहे. इथं कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि आवाराला उत्तर देणाऱ्याचं.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्याकडंही होतं की लिबरल आर्ट्स."

"होतं. पण कुणाला घ्यायचं नाही, यावर त्याचं नाव मोठं झालेलं नव्हतं."

तिनं झाडांखालून फिरून पाट्या उतरवल्या. मी गाडीपाशी थांबलो. परतताना क्रांती चौक ओलांडल्यावर मी हेल्मेटमधूनच म्हटलं, "ते 'रोज' मी करायला नको होतं."

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसावं असं वाटलं. मोंढा नाक्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सबमिट तर मीच केलं."

परत अर्ज करणार का, हे मी विचारलं नाही. सिडकोच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि डावीकडच्या टायरच्या दुकानाकडं बोट दाखवलं. नवी पाटी होती, रंग अजून चकाकत होता.

"बिलबुकं संपली वाटतं," ती म्हणाली आणि माझ्या खिशातला पेन काढून घेतला.