बेस पुढे आला की

रात्र, शिरूर.

बेसवादक मोहिनी डेचा २०२३ मधला, स्वतःच्याच नावाचा अल्बम आज हेडफोन लावून ऐकला. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नये. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास घुमते. तो नाद एवढ्याशा स्पीकरमधून धड निघतच नाही. म्हणजे जिचा अल्बम, तिचाच आवाज गायब!

मोहिनी मुंबईची, जन्म १९९६ चा. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. बेसवाल्याने मागे उभं राहून लय धरायची, मिरवायचं पुढच्यांनी, ही जॅझमधली जुनी वाटणी. बेसवादक चार्ल्स मिंगसने ती कधीच मोडून काढली. मोहिनीची झेप वेगळीच. कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे, बोल तोंडाने म्हणत तेच ती त्याच क्षणी तारांवर काढते, आणि तेही अशा वेगात की ही पोरगी श्वास घेते कधी, असं वाटावं. तरी मला जास्त भावतात ते तिचे संथ तुकडे. तिथे एकेक सूर पुरता वाजून मगच विरतो.

असा खालचा सूर आमच्याकडेही घुमतो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे पुढे गेलं की दौंड तालुक्यातलं चौफुला लागतं. तिथल्या संगीतबारीत ढोलकीचं डावं तोंड घुमलं की नाचणारीच्या पावलांना बळ येतं. खालच्या सुराची ही ताकद आपल्या भागाला आधीपासून ठाऊक आहे. चौफुल्याचा एखादा ढोलकीवाला आणि मोहिनीचा बेस एकदा समोरासमोर यायलाच हवेत. पहिला सवाल ढोलकीचा!